डबीमागची बारीक अक्षरं

अक्कांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही. साबण कोणता वापरतेस, ते विचारलं.

मी बसवनगुडीतली त्यांची वरची खोली बघायला गेले होते. नागपूरहून येऊन मला चार महिने झाले होते. मारतहळ्ळीत ऑफिसजवळच्या एका पीजीत राहत होते आणि तिथल्या गोंगाटाला विटले होते. ऑफिसात आठवड्यातून दोनच दिवस जावं लागे, त्यामुळे लांब राहून चालणार होतं. हे घर ऑफिसातल्या एका मराठी सहकाऱ्याने सुचवलं. ‘फार जुन्या घराण्यातली बाई आहे, मराठी बोलते, एकटीच असते. स्वल्प विक्षिप्त आहे,’ असं तो म्हणाला होता. स्वल्प म्हणजे थोडं, एवढं कन्नड मला रिक्षावाल्यांनी शिकवलं होतं.

दार उघडलं ते सत्तरीच्या, उंच, सडपातळ बाईंनी. सुती साडी, पायांत कापडी बूट, आणि नाकावर नि दोन्ही गालांवर पांढराफेक लेप, मैदानात उतरलेल्या क्रिकेटवाल्यासारखा.

‘खिडकीतून ऊन येतं,’ माझी नजर बघून त्या म्हणाल्या. ‘घरात आलं म्हणून ते सावली होत नाही. झिंक लावलंय. आत ये. साबण कोणता वापरतेस?’

मी सांगितलं.

‘आणि तोंडाला?’

तोंडाला मी तेव्हा सहा वस्तू लावत होते. सकाळच्या तीन, संध्याकाळच्या तीन. सगळ्या माझ्या सॅकमध्येच होत्या, कारण पीजीत ठेवल्या की दुसरंच कुणीतरी वापरायचं. अक्कांनी त्या जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडायला लावल्या. ‘खोली नंतर बघ. ती कुठे जात नाही,’ असं म्हणून भिंग घेतलं आणि एकेकीची पाठ वाचायला बसल्या. डॉक्टर रिपोर्ट वाचतात तसं, भुवया न हलवता.

‘ही दोन एकच आहेत,’ त्या म्हणाल्या.

‘नाही, त्यातली एक रात्रीची आहे.’

‘रात्रीची म्हणजे डबी निळी आहे.’

त्यांनी दोन्ही याद्या शेजारी शेजारी धरल्या आणि मला वाचायला लावल्या. खरंच, नाव नि नाव तेच होतं, शेवटचा रंग सोडला तर. तिथेच त्यांनी मला यादी कशी वाचायची ते शिकवलं. जे सगळ्यात जास्त ते पहिलं, मग उतरत्या क्रमाने. ‘पहिलं नाव कुणाचं? पाण्याचं. त्याला आधी नमस्कार कर, सगळ्यात जास्त तेच विकत घेतलंयस.’ मग त्यांचं बोट खाली सरकलं आणि एका लांबलचक नावावर थांबलं. ‘हे फेनॉक्सीइथेनॉल. क्रीम नासू नये म्हणून घालतात, शंभरात एक भाग, त्याच्या वर नाही. हा उंबरा समज. याच्या पुढे लिहिलेले सगळे एक भागाहूनही कमी. नुसते तोंड दाखवायला आलेले पाहुणे.’ माझ्या सर्वांत महागड्या बाटलीवर मोत्याचं मोठं चित्र होतं. मोती उंबऱ्यापलीकडे पाचव्या जागी निघाला.

मी जरा चिडले. म्हटलं, मग यातलं काहीच कामाचं नाही का?

‘अय्यो, असं कुठे म्हटलं? ग्लिसरीन पाणी ओढून धरतं. पेट्रोलियम जेली वर झाकण घालते. ओढणारा एक हवा, झाकणारा एक हवा. हे नायसिनामाइड पण चांगलं, डाग हलके करतं, कातडीची भिंत धरून ठेवतं. पण तुझ्या चार बाटल्यांत ते चार वेळा आहे. एका जेवणात चारदा वरण वाढून घेतेस का?’ व्हिटॅमिन सीची बाटली त्यांनी उजेडासमोर धरली. आतलं पाणी तपकिरी झालं होतं. ‘हे गेलं. कापून ठेवलेल्या सफरचंदासारखं. फेक.’

सहातल्या तीन वस्तू माझ्या सॅकमध्ये परत गेल्या. मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, ‘चल, खोली दाखवते. नाव काय तुझं?’

त्या खोलीत मी अडीच वर्षं राहिले.

अक्कांचं घराणं इथे कधी आलं ते त्यांनाही नेमकं माहीत नव्हतं. ‘पुष्कळ पिढ्या झाल्या, मोजायला कोण राहिलंय,’ म्हणायच्या. त्यांची मराठी मला आधी जुनी वाटली, मग वेगळी वाटली, आणि सहा महिन्यांनी आईशी फोनवर बोलताना माझ्याच तोंडून ‘साकु’ निघालं, तेव्हा आई म्हणाली, काय साकू? पुरे, असं मी म्हणत होते. भावंडांत थोरल्या म्हणून त्या अक्का, आणि मग साऱ्या गल्लीच्याच अक्का. लग्न केलं नाही. शहराबाहेरच्या एका साबण-क्रीमच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, एकतीस वर्षं नोकरी केली. धाकटी बहीण लवकर गेली. तिची मुलगी रोहिणी हिला अक्कांनी वाढवलं.

जेवणघरातल्या कपाटात ताटवाट्यांच्या शेजारी त्यांच्या वह्या होत्या. शाळेच्या, दोनशे पानी. बाजारातल्या क्रीम, शाम्पू, पावडरी यांच्या मागच्या याद्या त्यात हाताने उतरवलेल्या, वर तारीख. फोटो का नाही काढत, असं मी एकदा विचारलं. ‘फोटो काढला की वाचलं असं वाटतं,’ त्या म्हणाल्या. ‘लिहायचं म्हटलं की वाचावंच लागतं.’ कंपन्या कृती गुपचूप बदलतात आणि डबी तीच ठेवतात, म्हणून एकाच क्रीमची यादी त्या दर वर्षी नव्याने उतरवत. एका जुन्या क्रीमची चार पानं त्यांनी मला दाखवली. बदामाचं तेल पहिल्या पानावर चौथं होतं, मग सातवं, मग अकरावं, आणि शेवटच्या पानावर उंबऱ्याच्या पलीकडे. डबीवरचं बदामाचं चित्र मात्र दर वेळी मोठं होत गेलेलं. नात्यातल्या एखाद्या घराची उतरती कळा सांगावी, तशा आवाजात त्या हे सांगायच्या.

गांधी बाजारातल्या क्रीम-पावडरीच्या एका दुकानात त्यांच्यासाठी वेगळं स्टूल होतं. तासतासभर उभ्या राहून वाचतात म्हणून दुकानदारानेच ते आणून ठेवलं होतं. आलेल्या बायका त्यांना विचारायच्या, अक्का मोठ्याने वाचायच्या, आणि दुकानदार काउंटरमागून हळूच म्हणायचा, ‘अम्मा, स्वल्प सावकाश. गिऱ्हाइकं ऐकतात.’

‘ऐकू दे की. मी वाईट कुठे म्हणते? लिहिलंय तेच वाचते.’

पण त्याच्या मुलीला मुरमं आली तेव्हा तोही अक्कांनाच विचारायला आला होता. कुठलीही नवी बाटली न देता त्यांनी तिचं डोक्याचं तेल बंद करायला सांगितलं. कपाळावर ओघळतं, म्हणाल्या. मुरमं कमी झाली. दुकानदाराला आनंद झाला की दुःख, ते त्याच्या चेहऱ्यावर शेवटपर्यंत स्पष्ट दिसलं नाही.

‘केमिकल-फ्री’ लिहिलेली डबी दिसली की अक्का ती कानाशी धरून हलवायच्या. ‘केमिकल नाही तर आत काय आहे, हवा? हवा पण केमिकलच.’ नैसर्गिक या शब्दाचंही त्यांना कौतुक नव्हतं. धोतऱ्याचं झाडही नैसर्गिकच असतं, म्हणायच्या. या असल्या बोलण्याने माणसं दुखावायची. माझी आई नागपूरहून आली होती, तिने मायेने माझ्यासाठी बेसन, दही आणि लिंबाचा लेप कालवला. अक्का वर आल्या, वाटी बघितली आणि म्हणाल्या, ‘दही चालेल. लिंबू तोंडाला नको. तसंच उन्हात गेली तर डाग पडतील.’ आई तीस वर्षं लिंबू लावत होती. पुढचे तीन दिवस ती अक्कांशी फक्त हवेबद्दल बोलली.

कुणालाही वाटावं तसं मलाही वाटायचं, की या बाईच्या आयुष्यात काहीतरी घडलं असणार. एखाद्या क्रीमने तोंड भाजलं असेल, कारखान्यात काही पाप बघितलं असेल. एकदा धीर करून विचारलं. अक्का हसल्या. ‘सगळे हेच विचारतात. काही झालं नाही, बाई. अक्षरं छापलेली असतात, मला ती वाचता येतात, म्हणून वाचते. तू रस्त्यातल्या पाट्या वाचतेस, तुझ्या आयुष्यात काय झालं?’

एक गोष्ट मात्र झाली होती. कोरोनात त्यांचा वास गेला होता आणि तो परत आला नव्हता. फोडणी करपली तरी त्यांना कळायचं नाही, मी वरून ओरडायची. त्याचं त्यांना फार दुःख होतं असं नाही. ‘बरंच झालं,’ म्हणायच्या. ‘नाक फसवतं. कागद फसवत नाही.’

रोहिणीताई बनशंकरीला राहायची. चाळिशीतली, गोल चेहऱ्याची, भरभरून बोलणारी. ती शिकवत होती ती लहान मुलांची शाळा बंद पडली आणि ती घरी बसली. मग स्वयंपाकघरात क्रीम करून विकायला लागली. शिकवलं अक्कांनीच. भांडी कशी उकळायची, मेण आणि तेल कुठल्या उष्णतेला पाण्यात मिसळायचं, वजन चमच्याने न घेता काट्यावरच का घ्यायचं. नासू नये म्हणून काही घातलंच पाहिजे, यावर दोघींचं भांडण झालं, कारण गिऱ्हाइकांना ते नाव आवडत नाही. अक्का म्हणाल्या, मग त्यांना बुरशी आवडते का? ते घातलं गेलं आणि यादीतही आलं.

तिच्या डबीचं लेबल मी केलं होतं. ॲपमधली बटणं आणि सूचना लिहिणं हेच माझं काम, तेव्हा रोहिणीताईने हक्काने सांगितलं आणि मी आनंदाने केलं. या शहरात मला घरचं म्हणून कुणी बोलावत असेल तर ती. दर दसऱ्याला मी तिच्याकडे जेवले आहे. यादीत अकरा नावं होती. अक्कांनी ती एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर वाचली. मग वहीत उतरवली, त्याच अक्षरात, ज्यात त्या मोठमोठ्या कंपन्यांच्या याद्या उतरवत. रोहिणीताईच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलं.

चार-पाच महिन्यांनी तिचा फोन आला. मी ऑफिसच्या कॉलवर होते, एका कानात ते आणि एका कानात रोहिणीताई. ‘अगं, लोक म्हणतात मेणाचा वास येतो. मी आता बदामाचा सुवास घालते, अगदी थेंबभर. लेबलं अजून ढीगभर शिल्लक आहेत, ती संपली की यादीत टाकू. मावशीला आत्ता सांगू नकोस, ती तासभर बोलेल.’

मी ‘हो’ म्हणाले.

डबीमागच्या यादीत ज्याला परफ्यूम किंवा फ्रॅग्रन्स म्हणतात, त्याला अक्का सुवास म्हणत, आणि तो शब्द आला की त्यांचं बोट थांबायचंच. ‘हा एक शब्द दिसतो, पण त्याच्या मागे चाळीस जण उभे असू शकतात. ते कोण ते कुणी सांगत नाही. बहुतेकांना काही होत नाही. ज्याला होतं त्याला फार होतं.’ हे मी दहा वेळा ऐकलं होतं. लेबलं संपली तेव्हा रोहिणीताईने नवीन छापायला फाइल मागितली. ती उघडून एक शब्द घालायला मिनिटभरही लागलं नसतं. मी उघडलीच नाही, होती तशी पुढे पाठवली. तिनेही काही म्हटलं नाही.

समोरच्या घरात सुमती टीचर राहत. सरकारी शाळेत कन्नड शिकवायच्या, निवृत्तीला आल्या होत्या. त्यांना सुवासाची ॲलर्जी होती. डॉक्टरांनी तसं लिहून दिलेलं, आणि तो कागद घेऊन त्या प्रत्येक नवी वस्तू अक्कांकडून वाचून घ्यायच्या. निवृत्तीचा समारंभ चार दिवसांवर आला होता. हिवाळ्यात गाल फुटले होते म्हणून त्या रोहिणीताईची डबी घेऊन आल्या. मी तिथेच होते, टेबलाशी, कॉफी पीत.

अक्कांना वाचायचीही गरज नव्हती, पण त्यांनी अकरा नावं वाचली. ‘सुवास नाही. लाव खुशाल,’ त्या कन्नडमध्ये म्हणाल्या.

सुमती टीचरनी झाकण उघडून डबी नाकाशी नेली. ‘अक्का, याला वास येतोय.’

‘बदामाचं तेल आहे, त्याचा असेल. यादीत सुवास नाही.’

टीचरनी पुन्हा एकदा हुंगलं. मग म्हणाल्या, ‘तुम्ही म्हणता तर सरी, चालेल,’ आणि गेल्या.

मी तोंड उघडायला हवं होतं. थेंबभरच तर आहे, असं मी स्वतःला सांगितलं. आणि अक्कांसमोर ते कसं सांगायचं, हेही होतंच. कपात कॉफी उरली नव्हती, तरी मी कप तोंडाशी धरून बसले, हे मला अजून आठवतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुमती टीचरच्या पापण्या सुजून डोळे जवळजवळ मिटले होते, गाल लाल आणि खरखरीत. डॉक्टरांनी औषध दिलं, सूज उतरायला आठवडा लागेल म्हणाले. समारंभाला त्या काळा चष्मा लावून गेल्या. मुलांनी हार आणले होते, ते त्यांनी हातातच घेतले. पस्तीस वर्षांच्या नोकरीचा तो एक फोटो, आणि त्यात त्यांचा चेहरा त्यांचा नाही.

अक्का समोर जाऊन बघून आल्या आणि वही काढून बसल्या. अकरा नावांतल्या एकेकाबद्दल त्यांच्याकडे जुनी पुस्तकं होती, ती सगळी काढली. बदामाचं तेल, मेण, सगळं पुन्हा तपासलं. ती क्रीम स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून तिथे पेनाने गोल काढला आणि दर दोन तासांनी बघत राहिल्या. त्यांना काहीच झालं नाही. ‘माझं काहीतरी वाचायचं राहिलं,’ त्या म्हणायच्या. तिसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतली एक बाई शाम्पूची बाटली घेऊन आली. अक्कांनी ती हातात घेतली नाही. ‘दुसऱ्या कुणाला विचार. मला वाचता येत नाही,’ असं म्हणाल्या आणि आत गेल्या.

ते मला सहन झालं नाही. मी त्यांच्या मागून आत गेले. त्या मागच्या दारात, उन्हात, वही मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

‘अक्का, यादीत एक नाव कमी आहे.’

त्यांनी वर बघितलं. ‘कुठलं?’

‘सुवास. बदामाचा. रोहिणीताई घालते. मला सांगितलं होतं तिने.’

‘किती?’

‘थेंबभर म्हणाली.’

‘किती किलोला थेंबभर?’

‘माहीत नाही.’

‘कधीपासून?’

‘उन्हाळ्यापासून.’

त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, ‘सुमती इथे बसली होती, तेव्हा तुला माहीत होतं.’

‘हो.’

मला वाटलं होतं, त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ‘तीन दिवस मला वाटत होतं की मला वाचता येत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘आणि तीन दिवस तू खाली येऊन माझ्याबरोबर कॉफी प्यालीस.’

मग त्या उठल्या, चपला घातल्या आणि मला समोरच्या घरी घेऊन गेल्या. ‘तू सांग,’ म्हणाल्या. मला कन्नड जेमतेम येत होतं. सुवासाला काय म्हणतात तेही आठवेना. मी मोडकंतोडकं सांगितलं, काही हिंदीत, आणि अक्कांनी एक शब्दही जोडला नाही. सुमती टीचरनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. सूज अजून होती. अक्कांकडे वळून म्हणाल्या, ‘मी तुम्हाला म्हटलं होतं, वास येतोय.’

‘म्हटलं होतंस,’ अक्का म्हणाल्या. ‘मी तुझं नाक सोडून कागदाचं ऐकलं. ही चूक माझी.’

रोहिणीताई दुसऱ्या दिवशी आली. बोलणं स्वयंपाकघरात झालं आणि मला तिथे थांबायला लावलं गेलं. रोहिणीताई आधी रडली, मग चिडली. ‘एवढ्या डब्या गेल्या, कुणाला काही झालं नाही. एका शब्दासाठी तू मला गुन्हेगार करतेस, मावशी?’

‘सुवास घातलास म्हणून मी काही म्हणत नाही. घाल की. लिहिला नाहीस. बाकीची अकरा नावं सगळ्यांसाठी होती, तो एक शब्द फक्त सुमतीसाठी होता.’

‘आणि हिने? लेबल हिनेच केलं ना?’

‘हिचं हिला सांगितलंय. आता तुझं. ज्यांना डब्या दिल्यास त्यांची नावं आण.’

रोहिणीताईने पिशवीतून गिऱ्हाइकांची वही काढून टेबलावर ठेवली आणि न जेवता निघून गेली. पुढचे चार दिवस अक्का आणि मी फोन करत बसलो. कन्नड आणि तमिळ त्यांनी, मराठी, हिंदी आणि इंग्रजी मी. त्यांचं वाक्य ठरलेलं होतं: ‘मी तिची मावशी बोलते. डबीत सुवास आहे, लिहिलेला नाही. तुम्हाला त्रास होत असेल तर लावू नका.’ काहींनी आभार मानले, काहींनी शिव्या दिल्या, एका बाईने आणखी दोन डब्या मागितल्या. माझी जीभ दर वेळी ‘छापण्यात चूक झाली’ म्हणायला जायची. अक्का शेजारीच असायच्या. ‘झाली नाही, केली,’ त्या एकदाच म्हणाल्या. त्यानंतर मी ते वाक्य पुन्हा म्हटलं नाही.

रोहिणीताईने क्रीम करणं बंद केलं आणि येणंही. दर रविवारी अक्का बिसीबेळे भात करायच्या, दोघींचा, कारण ती रविवारची यायची. बाराला गॅस बंद करायच्या, एकपर्यंत वाट बघायच्या, मग दुसरं ताट झाकून माझ्याकडे वर आणून द्यायच्या. ‘उरलाय,’ म्हणायच्या. मी मुकाट्याने खायची. घर सोडावं असं मला अनेकदा वाटलं. अक्कांनी जा म्हटलं नाही, राहा असंही म्हटलं नाही. खालची कॉफी बंद झाली होती, ती कधी पुन्हा सुरू झाली ते आता आठवत नाही. एक दिवस टेबलावर दोन कप होते, एवढंच.

सुमती टीचर मात्र महिन्याभराने तोंड धुवायची नवी बाटली घेऊन दारात उभ्या राहिल्या. अक्कांनी मान हलवली, मी आता वाचत नाही, म्हणाल्या. ‘मग कोण वाचणार? ही अक्षरं मला दिसत नाहीत,’ असं म्हणून टीचर आत येऊन बसल्या. अक्कांनी वाचलं. शेवटी म्हणाल्या, ‘यादीत सुवास नाही. बाटलीत आहे की नाही, ते मला माहीत नाही. तू हुंगून बघ. मग थोडं कानामागे लाव, दोन दिवस थांब.’ त्यानंतर प्रत्येकाला त्या हेच सांगत. पूर्वी त्यांच्या बोलण्याला एक धार असायची, ती जरा बोथट झाली. काही बायकांना ते आवडेना. आधी कसं, अक्का हो किंवा नाही म्हणायच्या.

आठ महिन्यांनी अक्कांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या डोळ्यालाही फारसं दिसत नव्हतं, हे तेव्हा कळलं. एवढे दिवस त्या भिंग आणि जिद्द यांवर वाचत होत्या. रोहिणीताईला मी कळवलं. रविवारी सकाळी ती आली. तिने ओटा आवरला, भात चढवला, औषधाचे थेंब घातले. जेवणं झाल्यावर पिशवीतून एक डबी काढून अक्कांच्या पुढ्यात ठेवली.

‘पुन्हा करते आहे,’ ती म्हणाली. ‘थोडीच. लेबल मीच लिहिलंय.’

अक्कांनी डबी हातात घेतली, फिरवली, डोळ्यांजवळ नेली आणि खाली ठेवली. हिरव्या चष्म्यातून त्यांना काही दिसत नसणार. मला वाटलं, हुंगून बघायला सुमती टीचरना बोलवायला सांगतील. त्यांनी डबी माझ्यापुढे सरकवली.

‘तू वाच.’

रोहिणीताईने माझ्याकडे बघितलं. मी डबी उजेडात धरली. हाताने लिहिलेलं, सुबक, शिक्षिकेचं अक्षर होतं. मी एकेक नाव स्वतंत्र वाचलं, शाळेत हजेरी घेतात तसं. पाणी, ग्लिसरीन, बदामाचं तेल, मेण. कुठल्याच नावावर मला घाई करायची हिंमत झाली नाही. अक्का मान किंचित खाली घालून ऐकत होत्या. बारावं नाव सुवास होतं. तेही वाचलं.

‘पुढे?’

‘संपलं.’

त्यांनी पुन्हा वाच म्हटलं नाही. साडीचा पदर मागे सारून हात रोहिणीताईपुढे धरला, आणि ती डबीचं झाकण उघडून त्यांच्या मनगटावर क्रीम चोळू लागली, हळूहळू, बोटांपर्यंत.

‘तेल थोडं जास्त झालंय,’ अक्का म्हणाल्या.

‘हो,’ रोहिणीताई म्हणाली. ‘थंडीसाठी केलंय, मावशी.’